सरकारला निवेदन दिले; सभासदाला काय सांगितले?

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्यात कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरातली माणसे होती, एक तान्हे मूल होते आणि तिथेच राहणारे कामगार होते. मालक आणि मजूर एकाच छपराखाली राहत होते, एकाच धुरात गुदमरले. त्यानंतर शहरात जो वाद सुरू झाला तो आजही अधूनमधून उसळतो. एक बाजू म्हणते, अग्निशमन दल, महापालिका आणि औद्योगिक महामंडळ यांनी काय केले? दुसरी म्हणते, कारखानदारांनी पैसे वाचवण्यासाठी नियम धाब्यावर बसवले. आणि दोन्हीकडचे लोक एका गोष्टीवर मात्र चटकन एकमत करतात: या शहरात कारखानदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या इतक्या संघटना आहेत, त्या काय कामाच्या? निवेदने द्यायची, नव्या अधिकाऱ्याचा सत्कार करायचा, वार्षिक सभेत जेवण घालायचे. बंद करून टाका एकदाच्या.

हा वाद चुकीच्या जागी उभा राहून घातला जातो आहे असे माझे ठाम मत आहे. सोलापूरसारख्या शहरात, जिथे मोठी गिरणी राहिली नाही आणि उद्योग म्हणजे हजारो लहान शेड, लहान दुकाने आणि घरात चालणारी शिलाई, तिथे व्यापारी-उद्योजकांची संघटना ही चैन नाही, गरज आहे. पण तिची योग्यता ती सरकारकडून काय मिळवते यावर ठरवण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिनेच घोळ केला आहे. संघटना आपल्याच सभासदाकडून काय करून घेते, त्याला कोणत्या गोष्टीची मनाई करते, त्याच्या खिशातले चार पैसे सगळ्यांच्या कामासाठी कसे काढते, यावर तिची परीक्षा व्हायला हवी. या कसोटीवर टीकाकारही कच्चे ठरतात आणि पदाधिकारीही.

पदाधिकाऱ्यांचा बचाव आधी पाहू, कारण तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, आम्ही ओरडलो नसतो तर स्थानिक संस्था कर गेला असता का? २०१३ साली राज्यभर दुकाने बंद राहिली, सोलापूरही त्यात होते. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची त्या करातून सुटका झाली. यंत्रमागाला विजेच्या दरात सवलत आपोआप मिळत नाही, ती दर वेळी भांडून टिकवावी लागते. एकटा यंत्रमागधारक मंत्रालयाच्या कोणत्या मजल्यावर जाणार? हे सगळे खरे आहे. पण याच संघटित बळाने आपल्या शेडला मागचा दरवाजा आहे का, सुताच्या गाठी जिन्यात रचल्या आहेत का, हा प्रश्न सभासदाला किती वेळा विचारला? कर रद्द करण्यासाठी शटर खाली ओढता येते, तर आगीचा बंदोबस्त नसलेल्या सभासदाला नोटीस का देता येत नाही?

आता विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा. एकाच धंद्यातली माणसे एकत्र बसली की गिऱ्हाइकाचा खिसा कापण्याचा बेत शिजतो, हे ॲडम स्मिथने १७७६ सालीच सांगून ठेवले आहे आणि त्याला खोटे पाडणे सोपे नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, आणि भाव-उत्पादनाच्या माहितीची देवाणघेवाण त्यांच्या संघटनेच्या व्यासपीठावरून होत असल्याबद्दल त्या संघटनेलाही दंड केला. औषध विक्रेत्यांच्या संघटनांचे प्रकरण तर गल्लीपर्यंत पोचलेले: संघटनेचे ना-हरकत पत्र असल्याशिवाय नवा घाऊक विक्रेता नेमायचा नाही, अशी प्रथा मोडून काढायला आयोगाला एकामागून एक आदेश द्यावे लागले. लांब कशाला जायचे? २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. भाव पडला होता हे कारण होतेच. पण त्याआधी २०१६ साली सरकारने आडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, तेव्हा राज्यभरच्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी एकजुटीने व्यवहार बंद पाडले होते, हे शेतकरी कसे विसरेल? त्याच्या नजरेत संघटना म्हणजे त्याच्याविरुद्ध बांधलेली मूठ.

हा आरोप मी पूर्णपणे मान्य करतो. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य करत नाही. माणसे एकत्र बसून भाव ठरवतात तसाच दर्जाही ठरवतात, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भाव बांधणारी संघटना बाहेरच्याला लुटते. दर्जा बांधणारी संघटना आधी आपल्याच माणसाला वेसण घालते. पहिलीला कायद्याने झोडपलेच पाहिजे. पण दुसरी आपल्या मातीत फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे ठेवले? राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणींत, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघटनांत: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा एक टक्क्याने, एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी, याच महाराष्ट्रात, राजघराण्यातला माणूस विणकरांच्या संघटनेवर पिढ्यान्‌पिढ्यांसाठी पैसा सोपवतो. का? कारण एखादा विणकर बुडाला, मेला, गाव सोडून गेला तरी श्रेणी जबाबदारी घेईल, अशी तिची पत होती. आणि पत निवेदने देऊन मिळत नाही. आपल्या सभासदाच्या चुकीची भरपाई आपण करू, असे सांगण्याची ताकद असेल तर ती मिळते.

मंदसोरचा पाचव्या शतकातला लेख तर सोलापूरकरांनी मुद्दाम वाचावा असा आहे. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणारे लोक दशपुराला, म्हणजेच मंदसोरला, येऊन वसले. त्यांतले काही पुढे वेगळ्या व्यवसायांत शिरले, पण श्रेणी टिकली, आणि तिने आपल्या पैशाने सूर्यमंदिर बांधले, पुढे ते दुरुस्तही केले. तेलंगणातून माग पाठीवर घेऊन आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आपल्या शहराचा पूर्व भाग वसवला, शाळा काढल्या, वाचनालये काढली, बँका उभ्या केल्या. त्यामुळे परक्या गावात पाय रोवायला संघटना लागते हे सोलापूरला कोणी शिकवायला नको.

आणि व्यापाऱ्यांच्या संघटनेचा आधुनिक महाराष्ट्रातला इतिहासही या शहराला चिकटलेला आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. मुंबईत बॉम्बे चेंबर १८३६ पासून होते, पण ते युरोपियन पेढ्यांचे; देशी व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये आपले वेगळे इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. तरीही मुंबईबाहेरचा व्यापारी बिनआवाजाचाच राहिला. वालचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन करण्यात पुढाकार घेतला तो या उणिवेतून. ज्या माणसाने १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे जहाज ब्रिटिश मक्तेदारीला आव्हान देत समुद्रात लोटले, त्याला एकट्याच्या बळावर किती चालते आणि कुठे अडते, हे नक्की कळत होते. एवढा धडाडीचा भांडवलदार संघटनेसाठी वेळ काढतो, यात आजच्या ‘संघटना म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग’ म्हणणाऱ्यांना विचार करण्यासारखे काही आहे.

पण मागणीची ताकद हा विषय मी इथेच सोडतो, कारण तिच्याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे जबाबदारीचा, आणि तिथे सोलापूरच्या हाती एक विलक्षण उदाहरण आहे ज्याची चर्चाच होत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावचे नाव त्या गावच्याच मालाला लावण्याचे कायदेशीर संरक्षण, मिळाले, देशात ही नोंदणी सुरू झाल्यावरच्या अगदी पहिल्या काही वस्तूंत. १९९९ च्या या कायद्याची रचना नीट पाहा. एखादा कारखानदार, कितीही मोठा असो, स्वतःच्या नावावर हे मानांकन मागूच शकत नाही. उत्पादकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी संघटना किंवा कायद्याने स्थापन झालेली संस्थाच अर्ज करू शकते. मग एकेका उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचे. म्हणजे ‘सोलापुरी’ या नावाची मालकी कायद्यानेच सामूहिक करून ठेवली आहे. आज देशभरच्या बाजारात, रेल्वे स्टेशनांबाहेर, प्रदर्शनांत ‘सोलापुरी चादर’ म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे सोलापुरात विणलेलेच नसते, ही तक्रार या शहरात कोणीही करतो. खरी आहे. पण नक्कल रोखायची तर खऱ्या मालाची ओळख कोणी पक्की करायची? सूत किती काउंटचे, वजन किती, धुतल्यावर रंग जातो की राहतो, याची तपासणी करून शिक्का मारणारा कोण? पोलीस? सरकारी निरीक्षक? हे काम त्या नावाच्या सामूहिक मालकांचे आहे, आणि त्यासाठी आपल्यातल्याच हलका माल काढणाऱ्याला ‘हे नाव तुला लावता येणार नाही’ असे तोंडावर सांगावे लागते. ते कटू आहे. त्या मानाने नक्कल करणाऱ्या परगावच्या कारखानदारावर टीका करणे फार सोपे.

‘हे सगळे सरकारचे काम आहे, सरकारची जबाबदारी खासगी संघटनांवर ढकलू नका,’ हा डाव्या बाजूने येणारा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. कायदा करणारे, निरीक्षक पाठवणारे, गुन्हा नोंदवणारे सरकारच असले पाहिजे. संघटना न्यायाधीश होऊ शकत नाही. तरीही प्रत्यक्ष काय घडले आहे ते पाहा. कारखाना अधिनियम १९४८ मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा कामगारांच्या शेडला लागू होत असे. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीसवर नेली, आणि देशाच्या नव्या श्रमसंहितेतही तोच आकडा आहे. सोलापुरातल्या किती यंत्रमाग शेडमध्ये एका वेळी वीस कामगार असतात? म्हणजे ज्या शेडमध्ये सूत, कापड, वंगण आणि जुनी वायरिंग यांच्या संगतीत दहाबारा माणसे राबतात, तिच्याकडे कारखाना निरीक्षकाची पाठ आहे. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यानुसार इमारतीच्या मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. लहान कारखानदाराच्या लेखी हा आणखी एक कागद. कागद आला, फाइलला लागला, नळकांडे भिंतीवर लटकले. ते चालवायचे कसे हे रात्रपाळीच्या कामगाराला कोणी दाखवले नाही. सरकार मागे सरकले, हे चूकच. पण ते पुन्हा पुढे येईपर्यंत मधल्या जागेत कोण उभे राहणार? भांडून सरकारला परत आणायचे आणि तोवर हात बांधून बसायचे, यात मरणारा माणूस आपलाच असतो.

या मधल्या जागेत नुसती बलाढ्य संघटना असून भागत नाही, याचा धडा बांगलादेशाने दिला आहे. तिथल्या तयार कपड्यांच्या निर्यातदारांची संघटना देशातल्या सर्वांत ताकदवान संस्थांपैकी एक. नोव्हेंबर २०१२ मध्ये ताजरीन कारखान्याच्या आगीत शंभराहून अधिक कामगार मेले. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेवर माणसे गेली. आणि त्याच काळात या संघटनेची ढाक्यातली स्वतःची बहुमजली इमारत जलाशयाच्या जागेत बेकायदा बांधलेली आहे, म्हणून ती पाडण्याचा उच्च न्यायालयाचा २०११ चा आदेश झालेला होता; ती रिकामी व्हायला २०१९ उजाडले. जी संस्था स्वतःच्या इमारतीबाबत कायदा पाळत नाही ती सभासदाच्या इमारतीतला जिना कोणत्या तोंडाने तपासणार? शेवटी कारखान्यांची खरी तपासणी सुरू झाली ती परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातल्या बंधनकारक कराराने. मालकांच्या संघटनेने आपले काम केले नाही म्हणून ते बाहेरच्यांनी केले, आणि मग मालकच ‘आमच्यावर परक्यांचा हुकूम चालतो’ अशी तक्रार करत बसले.

याउलट अहमदाबाद. १९१८ च्या संपात अनसूया साराभाई कामगारांच्या बाजूने आणि त्यांचे भाऊ अंबालाल गिरणीमालकांच्या बाजूने उभे होते. तो संप मिटला तो लवादाने, आणि १९२० मध्ये मजूर महाजन ही कामगारांची संघटना स्थापन झाल्यावर तिने आणि मालकांच्या संघटनेने कायम लवादाची पद्धत मान्य केली. ही गोष्ट साधी नाही: प्रत्येक गिरणीमालकाने आपला निर्णय आपल्या हातून काढून एका सामूहिक व्यवस्थेकडे दिला. पुढे १९४७ मध्ये याच गिरणीमालकांच्या पैशातून वस्त्रसंशोधनाची संस्था उभी राहिली. तिरुप्पूरचा दाखला मी थोडा हात राखून देतो. नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने मेली, मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये डाईंगचे कारखाने बंद करायला लावले, तेव्हा कुठे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सामायिक केंद्रे मार्गी लागली. म्हणजे सुबुद्धी न्यायालयाच्या बडग्यानंतर आली. पण आली तेव्हा ती राबवायला सामायिक केंद्र चालवू शकणाऱ्या संघटना तिथे होत्या. एकेकट्या डाईंगवाल्याला तो खर्च झेपलाच नसता.

सोलापुरात असे काही करता येईल का? येईल, आणि त्यासाठी मंत्री लागत नाही. संघटनेने मिळून एकच परवानाधारक एजन्सी नेमावी, जिची फी सभासद नव्हे तर संघटना देईल, म्हणजे ‘कागद दे, पैसे घे’ हा व्यवहार तुटेल. शेजारच्या दोन कारखानदारांनी तिसऱ्याची शेड पाहावी. वायरिंग कुठे उघडी आहे हे अधिकाऱ्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त माहीत असते. कामगार कारखान्यातच झोपत असतील तर दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची वाट असल्याशिवाय सभासदत्वाचे नूतनीकरण नाही. विम्याचा गट करून ज्याची शेड तपासणीत उतरली त्याला कमी हप्ता. औद्योगिक वसाहतीत सभासदांच्या वर्गणीतून पाण्याचा टँकर आणि प्रशिक्षित चार माणसे रात्री तैनात. यातली एकही गोष्ट नवी नाही. आणि एकत्र येऊन काम होते याचा अनुभव शहराला आहे: गणवेश शिवणारे इथले लहान लहान कारखानदार एकेकटे कोणाला माहीत होते? त्यांच्या संघटनेने २०१७ पासून गणवेशाची प्रदर्शने भरवायला सुरुवात केली आणि परराज्यांतले खरेदीदार सोलापूरची वाट धरू लागले. बाजार मिळवण्यासाठी जे जमते ते जीव वाचवण्यासाठी का जमू नये?

एक आक्षेप मात्र असा आहे ज्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. या संघटनांत खुर्चीवर कोण बसते? पिढ्यान्‌पिढ्या तीच घराणी, बहुधा एकेका समाजाची, आणि जवळजवळ सगळे पुरुष. मजुरीवर माग चालवणारा, चार मागांचा मालक म्हणवला जाणारा पण खरे तर सूत देणाऱ्याचा बांधील असलेला माणूस तिथे बोलत नाही. घरी बसून कॉलर शिवणारी बाई उत्पादक नाही का? तिला सभासद कोण करून घेते? कामगारांची बाजू पाहिली तर याच सोलापुरात, बहुसंख्येने गरीब आणि कमी शिकलेल्या विडी कामगार बायकांनी सहकारी गृहसंस्था करून, वर्षानुवर्षे मोर्चे काढून कुंभारीत दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी करून घेतली. त्यानंतर रे नगरच्या तीस हजार घरांच्या प्रकल्पातली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये हाती आली. त्यांनीही सरकारकडे मागितलेच. पण त्यासोबत हजारो सभासदांकडून हप्ता-हप्त्याने पैसे गोळा केले, यादी ठेवली, पाळी ठरवली. शिस्त आधी आपल्या माणसांना लावली. धनिकांच्या संघटनांना हे जमले नाही असे म्हणणे मला जड जाते, पण म्हणावे लागते. संघटना काही घराण्यांच्या हाती असेल तर तिचे नियमही त्या घराण्यांच्या सोयीचे होतील, ही भीती रास्त आहे. सभासदत्व खुले केल्याशिवाय, मजुरीवाल्यांना आणि शिलाईवाल्या बायकांना मताचा हक्क दिल्याशिवाय माझा वरचा सगळा युक्तिवाद लंगडा आहे, हे मी जाणून आहे.

आता सरकारचे ऑनलाइन पोर्टल आहे, तक्रार मोबाईलवर करता येते, मग संघटना कशाला, असे तरुण कारखानदार म्हणतात. पोर्टलला माझी अडचण कळते. पण माझ्या शेडमुळे शेजाऱ्याला असलेला धोका तिथे कोण नोंदवणार? मी तर नाहीच.

म्हणून या वादात उतरलेल्या दोन्ही बाजूंकडे माझी मागणी आहे. पदाधिकाऱ्यांनी यंदाच्या वार्षिक अहवालात, दिलेल्या निवेदनांच्या यादीशेजारी, किती सभासदांच्या शेड तपासल्या, किती नापास झाल्या आणि त्यांचे पुढे काय केले, हे छापावे. रकाना रिकामा असेल तर रिकामा छापावा. आणि जे व्यावसायिक बाहेर उभे राहून संघटना बंद करा म्हणतात, त्यांनी वर्गणी भरून आत यावे आणि सभेत उभे राहून या रकान्याबद्दल विचारावे. अहवाल मंजूर करायला हात वर करणारी माणसे त्या सभेत आजही असतात. त्या रकान्यासाठी हात वर न करणारी काही माणसे हवी आहेत.